सीझरशी एकदा तरी बोलायचं ना, ब्रूटस

कुणी पक्ष बदलला, कुणी भागीदारी मोडून शेजारीच दुसरं दुकान टाकलं, की 'यू टू ब्रूटस' ठरलेलंच असतं. शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर' नाटकात रोमचा सत्ताधीश सीझर, मारेकऱ्यांमध्ये आपला मित्र ब्रूटसही आहे हे बघून, मरताना 'तू सुद्धा, ब्रूटस?' म्हणतो, तेच हे. शेक्सपिअरचं एक पानही न वाचलेल्या माणसाला हे तीन शब्द येतात. आणि याच्या बरोब्बर उलट बोलणारेही भेटतात, इंग्रजी साहित्य घेऊन एमए केलेले, ते म्हणतात ब्रूटसला गद्दार म्हणणं अन्याय आहे, त्याने मित्रापेक्षा देश मोठा मानला, तत्त्वासाठी मैत्री सोडली, अशी माणसं आज कुठे आहेत. वाद तसा फार जुना आहे. इटालियन कवी दांतेने ब्रूटस आणि कटातला त्याचा साथीदार कॅशियस यांना नरकाच्या अगदी तळाशी, येशूला दगा देणाऱ्या ज्युडासच्या शेजारी, सैतानाच्या जबड्यात टाकलं, आणि शेक्सपिअरने नाटकाच्या शेवटी शत्रूच्याच, म्हणजे सीझरच्या बाजूच्या अँटनीच्या तोंडून ब्रूटसला सगळ्या रोमनांमध्ये थोर म्हणवलं.

मला वाटतं दोन्ही बाजू 'मित्र मोठा की देश' यावर भांडत बसतात आणि त्यात एक साधी गोष्ट राहून जाते. ब्रूटस सीझरशी बोलला का? मारायच्या आधी एकदा तरी, मित्र म्हणून, समोर बसून, की बाबा रे तू जे करतोयस त्याची मला भीती वाटते?

नाटक उघडून बघा. १५९९ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आलेलं हे नाटक, मित्राच्या हातून मित्राचा खून हा त्याचा गाभा, आणि त्या अख्ख्या नाटकात जिवंत सीझरशी ब्रूटस फक्त तीनदा बोलतो. पहिल्यांदा गर्दीतल्या ज्योतिष्याचा निरोप सांगतो, की १५ मार्चला जपून रहा असं हा म्हणतोय. दुसऱ्यांदा, खुनाच्या दिवशी सकाळी सीझरच्या घरी, सीझर विचारतो किती वाजले आणि ब्रूटस सांगतो आठ वाजून गेले. तिसऱ्यांदा सिनेटमध्ये, सुरे बाहेर यायच्या काही क्षण आधी, त्याच्या हाताचं चुंबन घेतो आणि वर म्हणतो की ही खुशामत नाही. बस. एवढंच. त्या सकाळी सीझर सगळ्यांना म्हणतो की या मित्रांनो, आत या, थोडी वाईन घेऊ आणि मित्रांसारखे सगळे मिळून निघू, आणि ब्रूटस ते ऐकून मनातल्या मनात हळहळतो, की 'मित्रांसारखे' असणारे सगळे मित्र नसतात. त्याला कळतंय, आतून तुटतंय, तरी तोंडातून शब्द नाही.

आता त्याच्या बागेतल्या स्वगताकडे या, कारण खरी गडबड तिथे आहे. स्वगताचं पहिलंच वाक्य असं आहे की त्याच्या मरणानेच हे व्हायला हवं. म्हणजे निकाल आधी लागलाय आणि कारणं मागून शोधतोय. कारणं तरी काय, तर वैयक्तिक राग काही नाही, सीझरच्या भावना त्याच्या बुद्धीवर स्वार झालेल्या आपण कधी पाहिल्या नाहीत हे स्वतःच कबूल करतो, आणि मग म्हणतो पण मुकुट मिळाला तर तो बदलू शकेल, म्हणून सापाचं अंडं समजून कवचातच मारलेला बरा. एका 'शकेल'वर माणूस मारायचा. आणि ह्या 'शकेल'ला जोर कुठून मिळतो तर खिडकीतून आत टाकलेल्या बेनामी चिठ्ठ्यांमधून, ज्या कॅशियसने वेगवेगळ्या हस्ताक्षरांत तयार करवून घेतल्या आहेत. ब्रूटस चिठ्ठीवर विश्वास ठेवतो, मित्राला विचारत नाही. हे वाचताना दरवेळी माझा जीव तळमळतो, कारण ब्रूटस वाईट माणूस नाहीये, तो खरंच सज्जन आहे, आणि सज्जन माणूस सुद्धा स्वतःच्या डोक्यात एकट्याने मित्राचा खटला चालवून, आरोपीला न बोलवता, शिक्षा सुनावू शकतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो दमदार आहे. हुकूमशहाला काय बोलून सांगणार? सीझरच्या पुतळ्यांवरचे शेले उतरवले म्हणून फ्लेवियस आणि मॅरुलस या दोन अधिकाऱ्यांना गप्प केलं गेलं, हे त्याच नाटकात सांगितलंय, मग ब्रूटसचं ऐकलं असतं कशावरून. नसतं ऐकलं, शक्य आहे. पण फ्लेवियस आणि ब्रूटस एका पायरीवर नाहीत ना. अँटनी लोकांना सांगतो की ब्रूटस म्हणजे सीझरचा लाडका देवदूत होता. ज्याचं ऐकलं जायची थोडीफार शक्यता होती असा रोममध्ये जर कुणी असेल तर हाच एक, आणि यानेच तोंड उघडलं नाही. बोलून काही झालं नसतं तर मग पुढचं पुढे, मग विरोध कर, बाजू सोड, लोकांसमोर उभा रहा, कदाचित शेवटी तलवारही काढ, पण आधी एकदा तोंडावर सांग. ही पायरी गाळली की मग पुढचं सगळं, कितीही उदात्त हेतूने केलेलं असो, दगा होतं.

आणि ब्रूटसला नुसता तत्त्ववादी हीरो म्हणून डोक्यावर घेण्याचे परिणाम होतात, खरेखुरे. २५ नोव्हेंबर १८६४ ला न्यूयॉर्कच्या विंटर गार्डन थिएटरमध्ये तीन बूथ भावांनी मिळून हेच नाटक केलं, सेंट्रल पार्कमध्ये शेक्सपिअरचा पुतळा उभारण्यासाठी निधी म्हणून. त्यातला अँटनी झालेला भाऊ जॉन विल्क्स बूथ, त्याने पाच महिन्यांच्या आत, १४ एप्रिल १८६५ ला, लिंकनला गोळी घातली. पळत असताना डायरीत त्याने लिहिलं की ज्या कामासाठी ब्रूटसचा सन्मान झाला तेच काम केलं आणि मी मात्र असा वणवण फिरतोय. लिंकन काही त्याचा मित्र नव्हता, ते खरं. पण नमुना कुठून उचलला ते बघा. समोरचा जुलमी आहे हे मी एकट्याने ठरवलं, माझा हेतू शुद्ध आहे हेही मीच ठरवलं, आता इतिहासाने मला मान द्यावा.

आता या नाटकातला माझ्या मते मैत्रीवरचा सगळ्यात चांगला प्रवेश, चौथ्या अंकातला तिसरा, सीझरच्या खुनानंतर ब्रूटस आणि कॅशियस अँटनीविरुद्धच्या युद्धावर असतानाचा, सार्डिसजवळच्या तंबूतला. त्यातलं भांडण अगदी पैशाचं आहे, म्हणजे आपल्या घरात मित्रांची जशी होतात तसं. ब्रूटसने लाच खाल्ली म्हणून ल्युशियस पेला नावाच्या माणसाला शिक्षा केली, कॅशियसने त्याच्यासाठी रदबदली केली, ब्रूटस म्हणतो तुझाच हात खाजतोय, तू पदं विकतोस. आणि दुसऱ्याच दमात म्हणतो की मी सैन्याच्या पगारासाठी तुझ्याकडे सोनं मागितलं आणि तू दिलं नाहीस, मला काही गरिबांकडून ओरबाडून पैसा काढता येत नाही. म्हणजे ओरबाडायचं कॅशियसने आणि हात स्वच्छ ब्रूटसचे, ही त्याची गोची शेक्सपिअर झाकत नाही. कॅशियस म्हणतो मित्राने मित्राचे दोष पोटात घालावेत, तू तर आहेत त्याहून मोठे करून सांगतोस. तुझं माझ्यावर प्रेम नाही. ब्रूटस म्हणतो मला तुझे दोष आवडत नाहीत. कॅशियस म्हणतो, मित्राच्या डोळ्यांना असले दोष दिसलेच नसते. आणि ब्रूटसचं उत्तर, भाटाच्या डोळ्यांना दिसले नसते, ऑलिम्पस पर्वताएवढे असले तरी.

मग कॅशियस खंजीर काढून छाती पुढे करतो, मार म्हणतो, जसा सीझरला मारलास तसा, कारण तू त्याचा सगळ्यात जास्त द्वेष करत होतास तेव्हाही कॅशियसपेक्षा तुझं त्याच्यावर जास्त प्रेम होतं. या वाक्यावर मी कितीदा थांबले असेन. जो माणूस सीझरशी एक अक्षर बोलला नाही तोच इथे कॅशियसला सगळं तोंडावर सुनावतो, आरडाओरडा होतो, दोघं लहान पोरांसारखे भांडतात, आणि नंतर हात हातात घेतात, वाईन मागवतात, आणि तेव्हा कुठे ब्रूटस सांगतो की पोर्शिया, त्याची बायको, गेली. इतकं मोठं दुःख पोटात ठेवून तो भांडत होता, आणि भांडण झाल्यावरच त्याला ते बोलता आलं. सीझरच्या बाबतीत असा एक तंबू, अशी एक रात्र असती तर?

पण लगेच पुढे काय होतं तेही बघायला पाहिजे. शत्रू जिकडे येतोय त्या फिलिपायवर चाल करून जायचं का यावर कॅशियसचं मत वेगळं आहे, नको, शत्रूला येऊ दे, दमू दे, असं तो म्हणतो आणि त्याचंच बरोबर आहे, पण नुकतंच मिटलंय, परत कशाला, म्हणून तो बरं तुझ्या मनासारखं म्हणतो. याआधीही अँटनीला जिवंत ठेवू नका, त्याला भाषण करू देऊ नका, हे कॅशियस सांगत होता आणि दोन्ही वेळा ब्रूटसपुढे नमला. इतिहासातला हा पक्का कारस्थानी माणूस मित्रापुढे मात्र मान तुकवत गेला आणि दोघांनीही फिलिपायला जीव गमावला. मन राखायचं म्हणून गप्प बसणं हे प्रेमातूनही होतं, आणि तेही तितकंच महाग पडतं.

निष्ठा म्हणजे होला हो असं ज्यांना वाटतं त्यांनी 'किंग लिअर' वाचावं, खरं तर बघावं. आपल्याकडे नटसम्राटमुळे लिअरचं दुःख घराघरात पोचलं, पण लिअरच्या दरबारातला केंट फारसा कुणाला माहीत नाही. म्हातारा राजा रागाच्या भरात धाकट्या मुलीला, कॉर्डिलियाला, वाऱ्यावर सोडतो आणि अख्खा दरबार चिडीचूप, तेव्हा हा एकटा उठतो आणि म्हणतो, लिअर वेडा झाला असेल तर केंटने उद्धट व्हायलाच हवं, म्हाताऱ्या तू करतोयस काय. भर दरबारात, राजाला अरेतुरे करून म्हातारा म्हणणं! शिक्षा म्हणून हद्दपारी. पाच दिवसांत बांधाबांध कर, सहाव्या दिवशी पाठ फिरव, आणि त्यानंतर दहाव्या दिवशी राज्यात दिसलास तर मरण. केंट जातो आणि वेष बदलून, आवाज बदलून, त्याच राजाकडे साधा नोकर म्हणून परत येतो. ज्याने हाकललं त्याचीच चाकरी, खोड्यात पाय अडकवून घेतो, वादळात सोबत राहतो. केंट काही शहाणपणाचा पुतळा नाही हं, त्याच्या भांडकुदळपणामुळे लिअरच्या मुलींना आयतं निमित्तही मिळतं. पण नाही म्हणणं आणि सोडून न जाणं या दोन गोष्टी एका माणसात एकत्र राहू शकतात हे त्याच्याइतकं स्वच्छ मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

त्याच नाटकात ऑस्वल्ड आहे, लिअरच्या थोरल्या मुलीचा, गॉनरिलचा कारभारी. तोही निष्ठावानच! मरताना सुद्धा मालकिणीचं पत्र पोचवा म्हणतो. सरदार ग्लॉस्टरचा मुलगा एडगर त्याच्या प्रेताकडे बघून म्हणतो, की मालकिणीच्या दुर्गुणांना हवी तेवढी इमानदारी याच्याकडे होती. त्याने जन्मात कधी नाही म्हटलेलं नाही.

आणि तिसरा आहे तो तर नावाचाही नाही, पहिला नोकर एवढंच. लिअरचा जावई कॉर्नवॉल म्हाताऱ्या ग्लॉस्टरला खुर्चीला बांधून त्याचा एक डोळा काढतो, दुसऱ्याकडे वळतो, आणि हा मध्ये पडतो. म्हणतो, सरकार, हात आवरा. लहानपणापासून तुमची चाकरी केली, पण आता तुम्हाला थांबवतोय याहून चांगली चाकरी मी कधीच केली नाही. तलवारी निघतात, त्याचा वार कॉर्नवॉलला लागतो, कॉर्नवॉलची बायको रीगन मागून येऊन नोकराला भोसकते. आठ-नऊ ओळींचं काम, नाव नाही, कॉर्नवॉल त्याच जखमेने मरतो. निष्ठा म्हणजे काय यावर इंग्रजी नाटकात याहून थेट उत्तर मला माहीत नाही, आणि ते सरदाराला किंवा राजपुत्राला न देता शेक्सपिअरने एका नोकराला दिलंय.

यांना मिळालं काय? काही नाही. नोकर मेला. केंट शेवटी लिअरला सांगायचा प्रयत्न करतो की तुमचा तो नोकर म्हणजे मीच, मी केंट, इतके दिवस तुमच्या मागेच होतो, आणि लिअर मेलेल्या मुलीपाशी इतका हरवलाय की त्याच्या ते डोक्यातच शिरत नाही. तो नोकर आणि केंट एकच, ही ओळख पटतच नाही. लोकांना हे इतकं सहन होईना की १६८१ मध्ये नेहम टेट नावाच्या कवीने शेवटच बदलला, कॉर्डिलिया जगते, एडगरशी लग्न करते, लिअरला राज्य परत मिळतं, आणि जवळपास दीडशे वर्षं इंग्लंडात हाच गोड लिअर चालला. सॅम्युअल जॉन्सनसारखा मोठा समीक्षक म्हणतो की संपादन करावं लागलं तेव्हा कुठे शेवटचे प्रवेश परत वाचले, त्याआधी कॉर्डिलियाच्या मरणाचा धक्का सोसवला नव्हता. मी त्यांना हसणार नाही. पण टेटच्या लिअरमध्ये निष्ठेला बक्षीस मिळतं, आणि बक्षिसासाठीची निष्ठा तर ऑस्वल्डलाही जमली असती.

कुणी म्हणेल हे सगळं राजेरजवाडे, सिनेटर, तलवारी, आपल्या साध्या मैत्रीत कुठे असतं असं. तर 'ऑथेल्लो' मधली एमिलिया बघा, ऑथेल्लोच्या बायकोची, डेस्डिमोनाची सोबतीण. डेस्डिमोनाचा रुमाल पडतो, एमिलिया उचलते, नवरा यागो बरेच दिवस मागतोय म्हणून त्याला देते. पुढे डेस्डिमोना कासावीस होऊन विचारते, एमिलिया, कुठे पडला असेल गं रुमाल. आणि ती म्हणते, मला नाही माहीत बाईसाहेब. संपलं. एवढं एक लहानसं खोटं, कुणाचं वाईट व्हावं म्हणून नाही, नवऱ्याचं मन राखायला आणि नसता व्याप नको म्हणून. तोच रुमाल वापरून यागोने ऑथेल्लोच्या मनात बायकोबद्दल संशय भरला आणि ऑथेल्लोने तिला मारलं, हे शेवटी तिला कळतं तेव्हा तीच एमिलिया नवऱ्याच्या धमकीला न जुमानता सगळ्यांसमोर खरं ओरडून सांगते आणि यागो तिला मारून टाकतो. तिच्या शेवटच्या धैर्याचं कौतुक सगळे करतात, मीही करते, पण मला तो रुमालाचा प्रश्न सुटत नाही. तेव्हा बोलली असती तर डेस्डिमोना वाचली असती. बहुतेक मैत्र्या खंजिराने मरत नाहीत, त्या असल्या 'मला नाही माहीत' ने मरतात.

कवितेत हीच गोष्ट वेगळ्या बाजूने येते. शेक्सपिअरची सुनीतं १६०९ मध्ये छापली गेली, लग्नाच्या कार्डांवर ११६ वं येतं, बदल दिसला म्हणून बदलतं ते प्रेम नव्हेच असं काहीसं, पण मला ३५ वं जास्त जवळचं. मित्राने काहीतरी चुकीचं केलंय आणि कवी त्याची समजूत काढतोय, जाऊ दे, गुलाबाला काटे असतात, चंद्राला ग्रहण लागतं, चुका सगळेच करतात. आणि बोलता बोलता स्वतःलाच पकडतो, की तुझ्या चुकीवर हे असे दाखल्यांचे लेप लावताना मीच भ्रष्ट होतोय, तुझ्याविरुद्धचा फिर्यादी मी आणि तुझा वकीलही मीच. मित्राला पाठीशी घालणाऱ्याच्या मनात काय चालतं हे चौदा ओळींत इतकं उघडं केलेलं आहे की वाचून अंगावर येतं. इंग्रज कवी टेनिसनचं उलट झालं. त्याचा जिवलग मित्र आर्थर हॅलम १८३३ मध्ये व्हिएन्नात अचानक गेला आणि टेनिसन त्याच्याशी पुढची सतरा वर्षं कवितेतून बोलत राहिला, १८५० ला ते पुस्तक आलं. त्यात नुसते हुंदके नाहीत, देव आहे का, निसर्गाला माणसाची काही पडलीये का, अशा शंका तो मेलेल्या मित्रापुढे मांडतो, आणि हॅलमनेही आपल्या शंकांशी अशीच प्रामाणिक झुंज दिली होती हे सांगतो. मित्र गेल्यावर सुद्धा त्याच्याशी गोड गोडच बोलायचं हे त्याने केलं नाही.

आपल्याकडे 'हॅम्लेट' मराठीत आणणारा माणूस कोण, तर आगरकर, 'विकारविलसित' त्यांचंच. आणि मैत्रीची परीक्षा त्यांच्याइतकी जाहीरपणे क्वचित कुणाची झाली असेल. टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात एकत्र होते, पुढे सामाजिक सुधारणेवरून फाटलं, आगरकरांनी १८८७ ला 'केसरी' सोडला, १८८८ ला 'सुधारक' काढला, आणि दोघं एकमेकांवर उघड उघड, छापून, नावानिशी तुटून पडले. कटुता भरपूर होती, उगाच गुळगुळीत करायला नको. पण कुणी कुणाच्या खिडकीत बेनामी चिठ्ठी टाकली नाही. १८९५ मध्ये आगरकर गेले तेव्हा 'केसरी'त मृत्युलेख टिळकांनी लिहिला. बाजू बदलली म्हणजे गद्दार, इतक्या सोप्या मापाने त्या दोघांना मोजून बघा, काहीच हाती लागत नाही.

आज निष्ठा हा शब्द ऐकला की मला धडकी भरते, कारण निष्ठावंत म्हणून ज्यांचे सत्कार होतात ते बहुतेक ऑस्वल्डच्या जातीचे असतात, आणि नाही म्हणणारा लगेच ब्रूटस ठरतो. पक्षात तेच, ऑफिसात तेच, संस्थेत तेच, नाटक मंडळात सुद्धा तेच. साहेबांना तोंडावर सांगायची सोयच ठेवायची नाही आणि मग कुणी रात्रीत निघून गेला की खंजीर खंजीर म्हणून ओरडायचं. निघून जाणाऱ्याला मी सोडत नाहीये, आधी न बोलता गेला असेल तर तो चुकलाच. पण दार बंद कुणी केलं होतं हेही विचारा की.

शाळा कॉलेजातल्या वक्तृत्व स्पर्धांमध्ये या नाटकातलं अँटनीचं भाषण पोरं हमखास म्हणतात, फ्रेंड्स रोमन्स कंट्रीमेन, आणि टाळ्या घेतात. भाषण अप्रतिम आहे, वाद नाही, पण ते गर्दीला फिरवायचं भाषण आहे. त्याऐवजी एकदा तंबूतला प्रवेश करून घ्या ना पोरांकडून. दोन जण लागतात, एक टेबल, पैशावरून भांडण, काही पाठांतर फार जड नाही. आणि प्रवेश झाल्यावर त्यांना बसवून बागेतलं स्वगत वाचायला द्या, आणि ब्रूटसने सीझरच्या घरी त्या सकाळी आठ वाजले याऐवजी दुसरं काय म्हणायला हवं होतं ते लिहून आणायला सांगा.